डे ला सोल: पहिला अल्बम डोक्यावर, बाकीचे माळ्यावर?

कानसेन

परवा मित्राकडे बसलो होतो. गाण्यांवरून गाडी हिप-हॉपवर आली, डे ला सोलचं नाव निघालं आणि एकजण म्हणाला, "तो पिवळ्या कव्हरचा, फुलाफुलांचा अल्बम ना? नंतर काही दम राहिला नाही त्यांच्यात." समोर गरम पोहे होते म्हणून तिथे भांडलो नाही. इथे भांडतो.

ज्यांना हे प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर ॲमिटिव्हिल नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेतली तीन पोरं: पॉस, डेव्ह आणि मेसिओ. डेव्हने नाव घेतलं 'ट्रुगॉय', म्हणजे 'योगर्ट' उलटं वाचायचं; साहेबांना दही आवडायचं. चौथा, पडद्यामागचा, निर्माता प्रिन्स पॉल. 1989 मध्ये 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' आला आणि रॅपमध्ये कोणी पाहिलं नव्हतं असं काहीतरी झालं. गाण्यांच्या मधे मधे एक खोटा क्विझ शो चालू. प्रश्न कसले, तर बॅटमोबाईल आजवर किती वेळा पंक्चर झाली. खाली स्टीली डॅन, ओटिस रेडिंगची शिट्टी, फंकाडेलिक, असे दुसऱ्यांच्या रेकॉर्डमधून कुठकुठून कापून आणलेले तुकडे.

अल्बम गोड आहे, वाद नाही. पण माझ्या लेखी ही मंडळी मोठी ठरतात ती दुसऱ्या अल्बमला, जिथे त्यांनी स्वतःचीच तिरडी बांधली. 1991, 'डे ला सोल इज डेड'. कव्हरवर कलंडून फुटलेली कुंडी, त्यात डेझीची फुलं. सुरुवात लहान मुलांच्या गोष्टीच्या रेकॉर्डसारखी: घंटी वाजली की पान उलटायचं. गोष्ट अशी की एका पोराला कचऱ्यात एक कॅसेट सापडते, दांडगी मुलं ती हिसकावून घेतात आणि पुढे अल्बमभर त्या कॅसेटला शिव्या घालतात. ती कॅसेट म्हणजे आपण ऐकतोय तो अल्बम! समीक्षकांनी नावं ठेवायच्या आधीच यांनी ते काम उरकून टाकलंय.

आणि या थट्टेच्या मधोमध मिलीचं गाणं. मिलीचा बाप शाळेत समाजसेवक, मुलांचा लाडका, नाताळात दुकानात सांताक्लॉज होऊन बसणारा. घरी तो मुलीवर अत्याचार करतो. ती मैत्रीच्या माणसांना सांगते, कोणी विश्वास ठेवत नाही. एवढा चांगला माणूस, असं कसं करेल? शेवटी ती दुकानात जाते, पोरांच्या रांगेतून पुढे होते आणि सांतावर पिस्तूल रोखते. पॉस आणि डेव्ह ही गोष्ट वाटून घेऊन सांगतात, आवाज अजिबात न चढवता. ढोलकं वाजवून करुणा उत्पन्न करायचा प्रयत्न नाही. दोन वर्षांपूर्वी पंक्चर मोजणारी हीच पोरं.

पुढचे अल्बम प्रत्येक वेळी आधीच्याचा हात सोडून निघालेले आहेत. बोला.

ठोकळा

बोलतो.

तुम्ही ज्याला तिरडी म्हणता त्याला मी रडगाणं म्हणतो. दुसऱ्या अल्बमची तक्रार काय? लोक आम्हाला हिप्पी समजतात. अहो, कव्हरवर फुलं छापून घेतली कोणी, शेजाऱ्यांनी? 'रिंग रिंग रिंग' मस्त गाणं आहे, पण विषय पाहा: आम्ही प्रसिद्ध झालो आणि आता जो तो आपली डेमो टेप आमच्या गळ्यात मारतो. लग्नाच्या पंक्तीत जिलबी जास्त झाली म्हणून कुरकुरण्यासारखं आहे हे.

पहिल्या अल्बममध्ये आनंद आहे. आनंद करणं अवघड असतं, महाराज. काळोख कोणीही पाडतो, दिवा विझवला की झालं. विशीतल्या तीन पोरांनी जगाची पर्वा न करता जे केलं ते नंतर त्यांनाच पुन्हा जमलं नाही, आणि म्हणून 'आम्हाला ते करायचंच नव्हतं' असा आव.

मिलीचं गाणं चांगलं आहे. ते देतो तुम्हाला.

रातराणी

ठोकळा, विझवलेल्या दिव्याचं वाक्य टाळ्यांचं आहे, पण मिलीच्या अल्बममध्येच 'अ रोलर स्केटिंग जॅम' आहे, शनिवारच्या सुट्टीचं, उन्हातलं. आनंद गेला कुठे? फक्त त्याच्या शेजारी आता इतर गोष्टीही राहायला आल्या. पॉसच्या सख्ख्या भावाच्या कोकेनच्या व्यसनावरचं गाणंही तिथेच आहे. घरात असं काही चालू असताना बॅटमोबाईलचे टायर किती दिवस मोजायचे?

वकील_नव्हे

तुम्ही दोघं कलेवर भांडताय, मी जरा कोर्टात नेतो.

पहिल्या अल्बमवर 'ट्रान्समिटिंग लाइव्ह फ्रॉम मार्स' नावाचा जेमतेम सव्वा मिनिटाचा तुकडा आहे. टर्टल्स या साठच्या दशकातल्या बँडच्या गाण्याचा संथ केलेला भाग, त्यावर फ्रेंच शिकवणाऱ्या रेकॉर्डमधले संवाद. बास. गाणं म्हणावं असंही ते नाही. पण परवानगी घेतली नव्हती, टर्टल्सवाले कोर्टात गेले आणि प्रकरण पैसे देऊन बाहेरच मिटवावं लागलं. पुढे डिसेंबर 1991 मध्ये बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल लागला. न्यायाधीशांनी निकालपत्राची सुरुवातच बायबलमधल्या 'चोरी करू नकोस' या आज्ञेने केली. त्यानंतर प्रत्येक तुकड्यासाठी मालकाच्या दारात उभं राहणं आलं. एका गाण्यात पाच-सहा तुकडे म्हणजे पाच-सहा दारं, आणि प्रत्येक दारात हात पुढे.

तेव्हा 'पहिल्यासारखा अल्बम पुन्हा का केला नाही' याचं उत्तर कलावंताच्या मनात शोधू नका. परवडला नसता. त्यांची 'उत्क्रांती' वकिलांनी घडवली.

कानसेन

वकीलसाहेब, तारखा तुमच्याच विरुद्ध साक्ष देतायत. 'डे ला सोल इज डेड' आला मे 1991 मध्ये, तुमचा निकाल त्या डिसेंबरचा. दुसरा अल्बमही तुकड्यांनी खच्चून भरलेला आहे. म्हणजे कुंडी फोडली ती स्वतःच्या हाताने, न्यायाधीशाच्या हातोड्याने नव्हे. टर्टल्सच्या दाव्याचा धसका होता, ते मान्य.

1993 च्या 'बुलून माइंडस्टेट'बाबत तुमचं म्हणणं निम्मं पटतं. तिथे जेम्स ब्राउनच्या बँडमधले सॅक्सोफोनवाले मेसिओ पार्कर प्रत्यक्ष येऊन वाजवतात (आपला मेसिओ वेगळा). एक आख्खं गाणं असं आहे की त्यात रॅपच नाही, नुसता सॅक्सोफोन. कर्जाऊ आणलेल्या आवाजाऐवजी आवाजाचा मालकच घरी बोलावला. यात काटकसर होती की हौस, देव जाणे. पण ऐकताना काटकसर जाणवत नाही. अल्बमभर फिरणारी कल्पना फुग्याची: फुगेल, पण 'पॉप' होणार नाही. 'पॉप' म्हणजे फुटणं आणि 'पॉप' म्हणजे बाजारातलं सोपं संगीत, दोन्ही. 'आय ॲम आय बी'मध्ये पॉस कंपनी कलावंताला कशी राबवते ते सांगतो, आणि ज्या मित्रमंडळींनी शेवटपर्यंत सोबत राहायचं ठरवलं होतं ते आता बोलतही नाहीत, तेही. मला त्यांचा हाच सगळ्यात आवडतो. खपला मात्र नाही फारसा.

रातराणी

मला हे चोरी प्रकरणच पटत नाही. आजी गोधडी शिवायची. आईचं लुगडं, बाबांचा सदरा, माझा फाटका फ्रॉक. गोधडी बघून कोणी म्हणालं नाही की ही लुगड्याची नक्कल आहे. तो पहिला अल्बम गोधडी आहे. टाका कोणाचा ते बघा ना.

ठोकळा

आजी घरातली लुगडी घ्यायची, ताई. शेजारणीने दोरीवर वाळत घातलेली पैठणी कात्रीने कापली असती तर शेजारीण काय म्हणाली असती?

(पहिला अल्बम माझाही लाडका आहे, तरी हे म्हणतोय. नोंद घ्यावी.)

वकील_नव्हे

हा हा. ठोकळा, आता तुम्ही माझ्या बाजूला आलात.

गोधडी निघालीच आहे तर 2016 चं सांगतो. 'अँड द ॲनॉनिमस नोबडी' करताना त्यांनी कंपनीकडे न जाता चाहत्यांकडे वर्गणी मागितली. 1,10,000 डॉलर हवे होते, 6,00,000 च्या वर जमले. मग वादक बसवून 200 तासांहून जास्त वाजवून घेतलं, ते सगळं स्वतःच्या मालकीचं, आणि त्यातून तुकडे कापून अल्बम शिवला. म्हणजे आधी माग लावला, कापड विणलं, मग कात्री चालवली. कोणाची पैठणी नाही, कोणाची नोटीस नाही. सत्तावीस वर्षं लागली पण तोडगा काढलाच.

ठोकळा

आणि निघाली कशी ती गोधडी? नव्या कोऱ्या कापडाची! ऊब येते ती कापड वापरून वापरून मऊ झालेलं असतं म्हणून. पहिल्या अल्बममध्ये ओटिस रेडिंगची शिट्टी ऐकू आली की तिच्यासोबत ज्यांनी ज्यांनी ती आधी ऐकली त्यांची वर्षं येतात. 200 तासांच्या ताज्या वादनात ती कुठून येणार? अल्बम नीटनेटका आहे. डेव्हिड बर्न काय, स्नूप डॉग काय, अशर काय, पाहुणे इतके की यजमान वाढपी झालेत.

कानसेन

हा मुद्दा चांगला आहे आणि मला उत्तर सुचत नाहीये. 2016 चा मीही दोनदा ऐकून ठेवून दिला होता. तरी एक सांगतो, त्या वयाला, इतक्या कटकटींनंतर बहुतेक बँड जुनी गाणी घेऊन दौरे करतात.

एडिसनकर

न्यू जर्सीतून. तुम्ही सगळे 1996 ओलांडून पुढे कसे गेलात? 'स्टेक्स इज हाय'! प्रिन्स पॉल गेलेला, तिघांनी बराचसा अल्बम स्वतः उभा केला. शीर्षकगीताचा बीट जे डिला या डेट्रॉइटच्या पोराचा, तेव्हा तो नवखाच होता. मॉस डेफ हा रॅपरही इथे, स्वतःचा अल्बम यायच्या कितीतरी आधी. त्या वर्षी रेडिओवर दागिने, बंदुका आणि शँपेन याशिवाय काही नव्हतं, आणि हे तोंडावर सांगतात की बस झालं. मी तेव्हा नुकताच इकडे आलो होतो, दुकानात नाझ या रॅपरचा नवा अल्बम त्याच मंगळवारी लागला होता. रांग त्याच्यासाठी. मी दोन्ही घेतले, आठवडाभर डब्यात नुसता भात नेला.

ठोकळा, हा ऐकून मग 'दम राहिला नाही' म्हणा.

ठोकळा

दम राहिला नाही असं मी म्हटलंच नाही, ते पोहेवाले म्हणाले. माझं म्हणणं एवढंच की पहिला सर्वात चांगला. 'स्टेक्स'चं शीर्षकगीत जबरदस्त, पण तासाभराच्या अल्बममध्ये बीट बराच वेळ एकाच रंगात राहतो आणि उपदेशाची मात्रा वाढत जाते. इतरांचे दागिने मोजणं हेही एक व्यसन असतं.

2000 आणि 2001 च्या दोन अल्बमबद्दल कोणी बोलत नाहीये, ते बरंच आहे. तीन भागांची मालिका जाहीर केली होती, तिसरा आलाच नाही. 2004 चा 'ग्राइंड डेट' मात्र आटोपशीर आणि कसदार. शेवटचं गाणं, रॅपर एमएफ डूमसोबतचं, बीट मधेच संथ होतो, मग पुन्हा वेग घेतो, आणि हे तिघे चाळिशीकडे झुकलेल्या रॅपरने काय बोलावं ते बोलतात. हे गाणं मी पहिल्या अल्बमच्या शेजारी ठेवीन. झालं समाधान?

एडिसनकर

नाही. पण चालेल.

कानसेन

एक राहिलं होतं.

दुसरा अल्बम मला मामाने अमेरिकेहून आणलेल्या 60 मिनिटांच्या कॅसेटवर मिळाला. कोणाकडून तरी उतरवून घेतलेली. अल्बम त्रेहात्तर मिनिटांचा. अर्थात शेवट कापलेला; एका गाण्याच्या मध्यावर खट्ट, संपलं. इथे तो दुकानात दिसेना. पुढे इंटरनेटचे दिवस आले तरी मालकी हक्क आणि तुकड्यांच्या परवानग्या यांच्या घोळात हे जुने अल्बम कुठल्याच ॲपवर येईनात. 2014 च्या व्हॅलेंटाइन डेला त्यांनी वैतागून सगळे 25 तास फुकट वाटले, तेव्हा मी नेमका गावी, रेंज नाही. शेवटी सगळे आले 3 मार्च 2023 ला, पहिला अल्बम निघाला त्याच तारखेला. डेव्ह 12 फेब्रुवारीला गेला होता. तीन आठवडे.

त्या रात्री पहिल्यांदा शेवट ऐकला. ती दांडगी मुलं कॅसेटला कंटाळतात, आणि जिथे सापडली तिथेच, कचऱ्यात, परत टाकून देतात. मी इतकी वर्षं समजत होतो की शेवटी त्यांना ती आवडत असणार.

रातराणी

:(

2025 चा 'केबिन इन द स्काय' ऐकलात का? डेव्हचा आवाज आहे त्यात. मी अजून पूर्ण ऐकलेला नाही, थांबून थांबून ऐकतेय.

ठोकळा

कानसेन, ती कॅसेट आहे का अजून? माझ्याकडे टेप आहे, चालू अवस्थेत, फक्त रिवाइंड पेन्सिलने करावं लागतं. रविवारी या. पहिला अल्बम आधी लावायचा या अटीवर.

कानसेन

आहे. येतो. पोहे नकोत.