स्वस्त सिलिंडर किट: बसवण्याआधी थोडं थांबा
स्वस्त किट (इंजिनाचा सिलिंडर ब्लॉक, पिस्टन आणि रिंगा यांचा संच) टाकलं की इंजिन लवकरच पुन्हा धूर सोडतं, म्हणून असं किट घेऊच नये, असं काही जण म्हणतात; ते मला पटत नाही. बरीच किटं घाईने बसवल्यामुळे वाया जातात. नवा ब्लॉक चकचकीत दिसला तरी होनिंगची (आतली भिंत घासून तयार करण्याची) बारीक भुकटी बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन फिरतो त्या भोकात, राहिलेली असते. ती नुसत्या पेट्रोलने नीट निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा, पांढरं फडकं फिरवल्यावर काळं यायचं थांबेपर्यंत. मग कोरडं करून लगेच ऑइल लावा, नाहीतर गंज धरतो.

पिस्टनवर बसणारी रिंग एकटीच बोअरमध्ये घालून पिस्टनच्या माथ्याने सरळ ढकला आणि तिच्या टोकांमधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. ५० मिमी बोअरला साधारण ०.२ मिमी हवी. फारच कमी असेल तर इंजिन तापल्यावर टोकं एकमेकांना भिडतात आणि बोअर ओरबाडला जातो. किटमधल्या सर्क्लिप (पिस्टनची पिन जागेवर धरणाऱ्या छोट्या कड्या) मात्र मी कधीच वापरत नाही, चांगल्या वेगळ्या घेतो.

आणि कनेक्टिंग रॉडला (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याला) वर-खाली प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागत असेल तर आधी क्रँकचं काम करून घ्या, किटचं नंतर बघा.