मदत हवी आहे: लेमिंग्जमध्ये 'अडवणाऱ्या'ला वाचवून 20 पैकी 20 घरी कसे न्यायचे?

पीएसपीवरचा (सोनीच्या हातात धरायच्या गेम-यंत्रावरचा) लेमिंग्ज (2006 चा) माझी आठ वर्षांची लेक खेळते. त्यात न थांबता चालत राहणाऱ्या छोट्या लेमिंग्जना वेगवेगळी कामं देऊन घरी पोचवायचं असतं. तिने एडिटरमध्ये स्वतः एक लेव्हल बनवली आहे आणि अट घातली आहे: एकही लेमिंग मरता कामा नये. बॉम्बर (स्वतःच फुटणारा लेमिंग) वापरायचाच नाही.

डावीकडे दार, मध्ये रुंद दरी, पलीकडे घर. दरीत पडला की मेला. पूल बांधायला दोन बिल्डर लागतात, कारण एकजण 12 विटा लावून खांदे उडवतो. शेवटच्या तीन विटांचा टक-टक आवाज आला की त्यालाच पुन्हा बिल्डर करायचं, हे आम्हाला जमतं. अडचण मागच्या गर्दीची आहे.

ब्लॉकर (वाट अडवणारा) उभा केला तर गर्दी थांबते, पण त्याला नंतर दुसरं काम देता येत नाही. त्याच्या पायाखाली खणून पाहिलं. तो सुटला, पण त्याच भोकातून चौघे खाली पडून मेले. दारातून सोडण्याचा वेग आधीच सगळ्यात कमी आहे, तरी पुलाआधीच ते कडेला पोचतात.

आता वाटतंय, ब्लॉकरऐवजी डिगरने (सरळ खाली खणणाऱ्याने) खड्डा करून सगळ्यांना त्यात अडकवावं. डिगर, बिल्डर, बॅशर (आडवं खणणारा), मायनर (तिरकं खाली खणणारा) प्रत्येकी पाच आहेत. क्लाइंबर (भिंत चढणारा) एक, फ्लोटर (छत्रीने अलगद उतरणारा) नाही. पुलासाठी क्लाइंबर बाहेर चढेल, तेवढं कळलं.

डिगरला मध्येच थांबवायला कोणतं काम द्यावं, आणि पूल झाल्यावर बाकीच्यांना खड्ड्यातून थेट पुलावर कसं काढावं: बॅशरने की बिल्डरने?