मशीनने रेट छापलाय, मग चौकोन मोजायचे कशाला?

पंचवीस_मिमी
काल इथे एकाने लिहिलं होतं की ईसीजीच्या (हृदयाच्या आलेखाच्या) पट्टीच्या कोपऱ्यात रेट, म्हणजे मिनिटाला ठोके किती ते, छापून येतोच, तरी पोरांना चौकोन मोजायला लावतात हा निव्वळ छळ आहे, कॅल्क्युलेटर आल्यावर पाढे कशाला पाठ करायचे. कालपासून डोक्यात तेच घोळतंय म्हणून सविस्तर लिहितो. पाढ्यांचं उदाहरण इथे बसतच नाही. कॅल्क्युलेटरला आकडे आपण देतो, मशीनला मात्र आधी ठरवावं लागतं की ठोका कशाला म्हणायचं, आणि घोळ होतो तो तिथेच.
माझ्या नाईटला किडनीचा पेशंट आला होता, डायलिसिस चुकलेलं, तक्रार एवढीच की अंगात त्राण नाही. मशीनने छापलं १४८. मनगटाला हात लावला तर नाडी आरामात चाललेली. पट्टी टेबलावर सपाट केली, आर ते आर (एका ठोक्याच्या टोकापासून पुढच्याच्या टोकापर्यंत) चार मोठे चौकोन आणि वर किंचित, ३०० भागिले चौकोन, म्हणजे ७५ च्या जरासं खाली. टी वेव्ह (ठोक्यामागून येणाऱ्या लाटा) तंबूसारख्या टोकदार, जवळजवळ क्यूआरएसएवढ्या (ठोक्याच्या मुख्य लाटेएवढ्या) उंच, मशीनने दोन्ही मोजले होते. अशा टी म्हणजे पोटॅशियम वाढल्याची खूण, म्हणून रिपोर्टची वाट न बघता कॅल्शियम दिलं, नंतर पोटॅशियम आलं ७.२. १४८ वर विश्वास ठेवून रेट कमी करायचं औषध दिलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार करून आजही काटा येतो.

रात्रपाळी
अहो किस्सा तुम्ही सांगितलात, एक माझाही ऐका. आमच्याकडे इंटर्नने पट्टी बघितली, आर ते आर जवळपास आठ मोठे चौकोन, ३०० भागिले ८, ३८ रेट म्हणून ओरडत आला ॲट्रोपिन (रेट वाढवायचं औषध) काढा. मशीनवर ७६ छापलेलं. पोराला तेच शिकवलं होतं ना की मशीनवर विश्वास ठेवू नका! मी पट्टीचा खालचा काठ दाखवला, कागदाचा स्पीड नेहमीच्या २५ ऐवजी ५० मिमी सेकंदाला होता, आधीच्या कोणीतरी बदललेला. पेशंट बिचारी उठून बसून विचारतेय काय झालं. ॲट्रोपिन भरून तयार होतं हो. माणूस चुकत नाही असं कोणी सांगितलं?

पंचवीस_मिमी
स्पीड न बघता मोजणं याला मोजणं म्हणत नाहीत. २५ ला मोठा चौकोन ०.२ सेकंद, ५० ला ०.१, मग ३०० चे ६०० होतात. तो दोष शिकवणाऱ्याचा.

रात्रपाळी
मग तुमच्या किश्श्यात दोष मशीनचा आणि माझ्या किश्श्यात शिकवणाऱ्याचा, वा.

थर्मल_रोल
स्पीडचा विषय निघालाच आहे तर माझं दुखणं सांगतो. पंधरा वर्षं ईसीजी काढतोय. पट्टीच्या काठावर स्पीड, गेन (लाटा किती मोठ्या काढल्या ते), वेळ सगळं छापलेलं असतं आणि लोक मोबाईलवर फोटो पाठवताना नेमका तोच काठ कापतात. वर फोटो तिरका, ट्यूबलाईटची तिरीप मधोमध, छोटे चौकोन दिसतच नाहीत, आणि खाली मेसेज "सर रेट किती वाटतो". काय सांगायचं माणसाने!

नाडी_बघा
+१. आणि झेरॉक्स न काढता फाईलला लावलेली पट्टी. चार महिन्यांनी जुन्याशी ताडून बघायला जावं तर कोरा कागद, थर्मल कागद उन्हाने आणि प्लास्टिकच्या पाकिटाने उडतो हे इतक्या वर्षांत कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

थर्मल_रोल
त्यावर हायलायटर फिरवणारे वेगळेच. एकदा नेमका क्यूआरएसच गायब केला होता.

रात्रपाळी
फोटो पाठवायचा नाही तर रात्री तीन वाजता काय करायचं? वरिष्ठ घरी, मी आणि एक इंटर्न वॉर्डात. फोटो तिरका येतो कारण दुसऱ्या हाताने पेशंटचा ऑक्सिजन धरलेला असतो. इथे बसून नावं ठेवणं फार सोपं आहे.

थर्मल_रोल
नावं नाही ठेवत हो. पट्टी अख्खी येऊ द्या एवढंच म्हणतोय. चला, तिरकी चालेल, अख्खी पाहिजे.

दोन_नंबर_लीड
कागदावरून परत रेटकडे या कोणीतरी. दोघंही रेग्युलर रिदमचंच धरून चाललाय. एएफमध्ये, ठोके अनियमित पडतात तिथे, काय मोजणार? माझ्या वडिलांच्या पट्टीवर एका ठिकाणी आर ते आर दोन मोठे चौकोन होते, दुसरीकडे पाच. एक डॉक्टर म्हणाले १५०, दुसरे म्हणाले ६०, आणि आम्ही घरचे मधे उभे. तिसऱ्याने खालची अख्खी लीड टू (पट्टीच्या तळाची लांब सलग ओळ) घेतली, दहा सेकंदात १९ क्यूआरएस, गुणिले सहा, ११४. संपला वाद. एएफमध्ये ३०० ची युक्ती वापरायचीच नाही हे पहिल्या दिवशी शिकवायला पाहिजे.

रात्रपाळी
मशीनही सरासरीच काढतं.

दोन_नंबर_लीड
काढतं, मान्य. पण बेसलाईन हलत असली, पेशंट थरथरत असला की कंपनं पण ठोके म्हणून मोजतं. पेसमेकरचा स्पाईक (त्याच्या झटक्याची उभी रेघ) कधीकधी धरतं तो वेगळाच.

पंचवीस_मिमी
आणि ३०० ची युक्ती जोरात चाललेल्या रेटलाही अंदाजाचीच आहे. एक चौकोन ३००, दीड म्हटलं तर २००, दोन म्हटलं तर १५०. अर्ध्या चौकोनात ५० चा फरक! तिथे छोटे चौकोन मोजून १५०० ला भागायचंच. उलट कम्प्लीट ब्लॉकमध्ये (हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा संदेश खाली पोहोचतच नाही तिथे) रेट दोन असतात, समजा वरच्या कप्प्यांच्या पी लाटेचा ८० आणि खालच्यांच्या क्यूआरएसचा ३६. पेशंट ३६ वर जगत असतो, कोपऱ्यात एकच आकडा येतो, आणि पी वेगळे चाललेत हे चौकोन मोजणाऱ्यालाच दिसतं.

नाडी_बघा
सिंगल चॅनल (एका वेळी एकच लीड काढणाऱ्या) मशीनवर दहा सेकंदांची सलग पट्टी येतच नाही हे विसरू नका. प्रत्येक लीड तुकड्यात. रिदम बघायचा तर लीड टू लांब चालवून मागावी लागते, आणि मागितली की रोल संपेल म्हणून तोंड वाकडं.

थर्मल_रोल
रोल संपेल असं मी कधीच म्हटलेलं नाही.

रात्रपाळी
बरं, ऐका. टी वेव्ह दुप्पट मोजल्याचं मी स्वतः बघितलेलं नाही पण तुमचं खोटं म्हणणार नाही. आकडा आणि नाडी जुळत नसेल तर पट्टी मोजायची, इथपर्यंत येते मी. प्रत्येक पट्टी मोजायची हे वीस पेशंट आणि दोन माणसं असताना होणार नाही म्हणजे नाही.

पंचवीस_मिमी
जुळत नाही हे कळायला आधी नाडीला हात लावावा लागेल.

रात्रपाळी
तो आम्ही लावतोच. तुमच्या पोरांना सांगा, आणि स्पीड बघायलाही सांगा.

पंचवीस_मिमी
स्पीडचं सांगतो. ते तुमचं बरोबर होतं.