मदत हवी आहे: मोठ्या चिनूक सामनसाठी प्लग (माशासारखं कृत्रिम आमिष) ओढताना वेग आणि अंतर कसं ठरवायचं?

मंडळी, कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात सामन मासेमारी करणारं कुणी आहे का इथे? मला कॅम्पबेल रिव्हरच्या टायी पूलमध्ये (नदीच्या मुखाजवळचं पाणी) प्लग ओढून चिनूक पकडायचाय. तिथे ३० पौंड, म्हणजे साधारण साडेतेरा किलो किंवा त्याहून मोठ्या चिनूकला 'टायी' म्हणतात. १९२४ पासूनच्या टायी क्लबचे नियम कडक आहेत: इंजिन बंद, होडी वल्हवायची, आमिष कृत्रिमच, काटा नसलेला एकच गळ आणि लाइन (गळाची दोरी) जास्तीत जास्त २० पौंड ताण सोसणारी. मला हे आवडतं, माशालाही संधी मिळते!

अडतंय ते प्लगच्या चालीपाशी. प्लग नीट डुलत असेल तर रॉडचं टोक एका लयीत थरथरतं, एवढं कळलंय. पण वल्हं मारताना होडी झटक्याने पुढे जाते, मग मंदावते, आणि प्लगचं डुलणंही तसंच तुटक होतं. ते तसंच राहू द्यावं की एकसारखं वल्हवायला शिकावं? काही जण म्हणतात, वेग बदलला की मासा चिडून झडप घालतो. खरं आहे का?

दुसरं, होडीपासून प्लग किती मागे सोडता? पाणी उथळ असल्याने मला तरी लांब सोडणं बरं वाटतं. आणि प्लग एका बाजूला पळत असेल तर त्याची लाइन बांधायची पुढची कडी कुठल्या दिशेला वाकवायची?

रंगांबद्दल सध्या नको, त्यावर वाद संपत नाहीत. स्वतः वल्हवलेल्यांनी जरूर लिहा.