सातबाऱ्याच्या मागं जायचंय? हेळव्याला गाठा

घराण्याच्या जुन्या पिढ्या शोधताना सातबाऱ्याच्या मागं जाताच येत नाही असं म्हणतात, ते पटलं नाही. तहसीलला कोतवाल बुक म्हणजे गाव नमुना 14 मागा, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी मिळतील, फक्त मोडी वाचणारा माणूस सोबत न्या.

पण हेळव्यांचं, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी वहीत जपणाऱ्या भटक्या लोकांचं, नाव कुणीच कसं काढत नाही? आपल्या कोल्हापूर-सांगलीकडं सुगीनंतर बैल घेऊन येतात आणि दारात बसून घराण्याच्या पिढ्या वाचून दाखवतात, मूळ गाव कुठलं, कोण कुठनं येऊन इथं जमीन कसायला लागला, सगळं. आमच्याकडं आलेल्यानं वहीतनं पणजोबांच्या दोन भावांची नावं काढली, ती कुठल्याच कागदात नव्हती, आजी ऐकून रडलीच. आता आले की पायलीभर जोंधळे द्या आणि ते वाचतील तेवढं सगळं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.