जिबरेलिनच्या प्रकल्पासाठी बुटकं रोप कोणतं घेऊ?

निशिगंध_२२: एम.एस्सी. वनस्पतिशास्त्र, शेवटचं वर्ष. म्युटंट (जनुकात बदल झालेल्या) रोपांवरून जिबरेलिनचं, म्हणजे रोपाची उंची वाढवणाऱ्या संप्रेरकाचं, चयापचय बघायचंय. हाताशी कुंड्या, फूटपट्टी आणि चार महिने. दुकानातल्या बुटक्या गव्हावर जीए३ (जिबरेलिनचाच एक प्रकार) फवारलं, पंधरा दिवस झाले तरी ढिम्म! पावडर खराब असेल का?

शेतमळा: पावडरीला दोष देऊ नका. आजचे बहुतेक बुटके गहू नोरिन-१० या जपानी वाणाच्या वंशातले. त्यांच्यात जिबरेलिन भरपूर असतं, पण वाढ रोखून धरणारं डेला प्रथिन त्याला दाद देत नाही. बादलीभर फवारलं तरी तेच. तुम्हाला जिबरेलिन बनवण्यातच अडलेलं रोप हवंय. भात घ्या. आयआर-८ (१९६६) किंवा आपला जया हे बुटके वाण, दोन्हींत एसडी१ जनुक बिघडलेलं आहे. ते जिबरेलिन बनवण्यासाठी लागणारं जीए२०-ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) बनवतं. फुलोऱ्यात त्याच विकराचं दुसरं जनुक काम करतं, म्हणून ताट आखूड राहूनही दाणा भरतो. मला हे फार विलक्षण वाटतं. बियाण्यासाठी कर्जतच्या भात संशोधन केंद्रात विचारून बघा.

हिरवी_शेंग: भात चांगलाच, पण माझं मत वाटाण्याला. मेंडेलचाच बुटका वाटाणा! त्याचं एलई जनुक १९९७ साली सापडलं. प्रथिनात अॅलानिन या अमिनो आम्लाच्या जागी थ्रिओनिन आलं, एवढाच फरक. त्यामुळे जीए२० या कच्च्या रूपापासून जीए१ हे प्रत्यक्ष वाढवणारं जिबरेलिन बनवणारं विकर लुळं पडतं.

एक कळकळीचं सांगते, नुसत्या जीए३ वर थांबू नका. निर्मितीत कुठेही अडलेलं रोप जीए३ ने वाढतंच, अडलंय कुठे ते कळत नाही. एका कुंडीत जीए२०, दुसरीत जीए१ द्या. पहिलं रोप जवळपास तसंच राहिलं आणि दुसरं सरसर वर गेलं, तर अडचण या दोहोंच्या मधल्या पायरीवर. महाग आहेत, पण मायक्रोपिपेटने पानावर एकेक थेंब पुरतो. जीए३ आधी थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा, मग पाणी घाला. आणि नुसती उंची नको, दोन पेरांमधलं अंतर मोजा. बुटक्याला पेरं तेवढीच असतात, फक्त आखूड.

कलमबाग: हापूसला घालतो ते कल्टार म्हणजे पॅक्लोब्युट्राझॉल. तेही जिबरेलिनची निर्मितीच अडवतं. उंच वाटाण्याला देऊन एक कुंडी तुलनेला ठेवा.

निशिगंध_२२: गव्हाचं कोडं सुटलं! तो तुलनेला तसाच ठेवते. ताई, उंच वाटाणा कुठल्याही वाणाचा चालेल का?

हिरवी_शेंग: नाही गं. बाकी सगळी जनुकं सारखी आणि एलईपुरताच फरक, अशी जोडी हवी. इंग्लंडच्या जॉन इन्स सेंटरकडे वाटाण्याचा मोठा संग्रह आहे, तुझ्या गाईडना तिथे लिहायला सांग. वेळ लागेल, तोवर जयावर हात बसव.