हिवाळ्यात वेताळ टेकडीवर फोटो कशाचे काढू?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. गौरी-गणपतीत लेकीने कॅमेरा घेऊन दिला, सोबत ७०-३०० ची लेन्स. तेव्हापासून दर रविवारी सकाळी पुण्याच्या वेताळ टेकडीवर जाते. तेव्हा पाऊल टाकावं तिथे फूल होतं. आता डिसेंबर निम्मा सरला, गवत वाळून पिवळं पडलंय, आणि पक्षी कसले, तो पुढे आणि मी मागे. परवा एका चिमुकल्या काळ्या, पोटाशी विटकरी रंगाच्या पक्ष्यामागे खाणीच्या कडेने पाऊण तास फिरले. एकोणतीस फोटो आले, सगळ्यांत शेपूट हललेली. हिवाळ्यात टेकडीवर तुम्ही नेमकं काय टिपता? मनापासून शिकायचंय.

दगडफूल:
ताई, तो कृष्णथिरथिरा, नर. हिवाळ्यापुरता उत्तरेकडून आपल्याकडे उतरतो. शेपूट सारखी थरथरवतो, म्हणून तर थिरथिरा! त्याच्या मागे जाऊच नका. त्याच्या बसायच्या जागा ठरलेल्या असतात: एखादा दगड, खुंट, कुंपणाचा खांब. तिथून जमिनीवर झेपावतो, किडा उचलतो आणि फिरून तिथेच नाहीतर शेजारच्या दगडावर येतो. तो दगड हेरा आणि पंधरा-वीस पावलांवर, सूर्य पाठीशी घेऊन, खाली बसा. बसलेल्या माणसाला तो लवकर सरावतो. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू नेऊ नका, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता) वाढला तर वाढू दे. अंग काळं असल्याने कॅमेरा फोटो उजळ करायला बघतो आणि पोटाचा रंग फिका पडतो, तेव्हा एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजेड, अर्धा-पाऊण स्टॉप (उजेड मोजायचं माप) कमी ठेवा.

आता त्या वाळक्या गवताबद्दल, कारण माझा जीव तिथे अडकलाय. आपल्या टेकड्यांवर कुसळी गवत भरपूर आहे. सूर्य नुकता वर आला की गवत तुमच्या आणि सूर्याच्या मधे येईल असं बसा. कुसळांचे शेंडे एकमेकांत गुंतून त्यांच्या तांबूस-काळ्या वेण्या झालेल्या दिसतील, कडांवर ऊन पेटलेलं. मग एक सुटं कुसळ घेऊन घरी न्या, बशीत ठेवा आणि त्यावर थेंबभर पाणी टाका. ते स्वतःभोवती फिरू लागतं! टोकाला सुईसारखं बी, त्यावर मागे वळलेले बारीक केस, म्हणून ते आत जातं पण मागे येत नाही. ओलं होताना पीळ सुटतो, वाळताना पुन्हा बसतो, असं करत ते बी जमिनीत घुसतं. मोज्यांत घुसतं तेही असंच. मी तीन हिवाळे या एकाच गवताचे फोटो काढतोय आणि दर वर्षी नवीन काहीतरी दिसतं.

आणि वाटेवरची एखादी काटेसावर आत्ताच बघून ठेवा. पानं गळून झाड उघडं पडलं की जानेवारीअखेर लाल फुलं येऊ लागतात. तेव्हा रोज तिथेच जा. भोरड्या, शिंजीर, बुलबुल, साळुंक्या, खारी सगळे मधासाठी तिथे, आणि आडवं यायला एक पान नाही. खाली पडलेलं फूलही उचलून बघा. पाकळ्या जाड, रसरशीत, आणि पुंकेसरांच्या झुबक्यांतून मुंग्या येत-जात असतात.

भिरभिरी:
फुलपाखरांसाठी हीच वेळ. थंडीत सकाळी त्यांना लगेच उडता येत नाही, आधी अंग तापवावं लागतं. ऊन पडलेल्या दगडावर ब्लू पॅन्सी पंख पूर्ण उघडून बसते. आपली सावली तिच्यावर पडू द्यायची नाही, एवढं सांभाळा.

माळरान:
एक विनंती सगळ्यांनाच. गेल्या रविवारी खाणीपाशी एका ग्रुपने मोबाइलवर टिकेलचा माशीमार या पक्ष्याचा आवाज लावला होता. नर लगेच आला, या फांदीवरून त्या फांदीवर, छाती फुगवून, न दिसणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला शोधत. वीस मिनिटं हे चाललं. सकाळची ती वेळ त्याच्या खाण्याची! मी जाऊन थांबवायला सांगितलं, त्यांनी थांबवलं. ताई, तुम्ही शिकताय तर ही सवय कधीच लावून घेऊ नका.

पाऊलवाट:
नाही लावणार, शब्द देते. दगडफूलदादा, आज सकाळी सांगितल्यासारखी बसले. अकरा मिनिटं काहीच नाही, नंतर तो माझ्यासमोरच्या दगडावर तीनदा आला. तिसऱ्या वेळेचा फोटो स्वच्छ आहे, डोळ्यात उजेडाचा ठिपकासुद्धा दिसतो. मोज्यातून सात कुसळं निघाली. एक नातवासमोर बशीत ठेवून पाणी टाकलं. फिरायला लागलं तसा तो ओट्यावरच चढून बसला आणि वेढे मोजू लागला. चार झाले म्हणतो. आता वाळल्यावर उलटे फिरतील का ते बघायला बशी खिडकीत ठेवलीय, आणि कुणी हलवू नये म्हणून तो शेजारीच बसलाय.